हातकाम

दिल्लीत भोगलला अफगाण बायकांसाठी चालणाऱ्या आमच्या शिवणवर्गात खिडकीपाशी एक लाकडी बाकडं आहे. त्या बाकड्यावर बसून एका बाईंनी माझ्यासमोर एक तयार कुर्ता उसवला. सगळा नाही. छातीवर जोडलेली खामक भरतकामाची पट्टी तेवढी सोडवली. ब्लेडचं टोक टीपेखाली घालायचं, एक टाका कापायचा, दोरा ओढायचा, पुढचा टाका. कापडाला कुठे ओरखडा नाही, हाताला घाई नाही. पट्टी मोकळी झाल्यावर तिच्यातले दोऱ्यांचे तुकडे त्यांनी नखाने वेचले, पट्टीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि कुर्ता माझ्या हातात दिला. "कुर्ता तुमचा आहे उस्ताद, कापड तुमचं होतं. खामक माझं आहे." एवढंच बोलल्या आणि जिना उतरून गेल्या. या गोष्टीला आता पाच महिने झाले. त्यानंतर आमचं पुष्कळ बोलणं झालं, चहा झाला, पण ते ब्लेडचं टोक अजून माझ्या मनात एकेक टाका कापत असतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तूंची छोटी विक्री होणार होती. वर्ग चालवणारी संस्था लहान, माणसं भली, पैशाची ओढाताण कायमची. किमतीच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी एकेक कपडा उचलत होते आणि लिहीत होते. त्या कुर्त्याला लिहिलं: कापड ३००, शिलाई १५०, हातकाम २००, इतर खर्च १००, एकूण ७५०. लिहिताना मला वाटलं, बरी किंमत आहे, जाईल. त्या बाई शेजारीच धाग्यांची रिळं आवरत होत्या. त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली, आणि 'हातकाम' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी सांगितलं, तुमचं भरतकाम. त्यांनी मान हलवली. मग ब्लेड मागितलं. मला वाटलं, एखादा धागा लोंबतोय, तो कापायचा असेल.

ती पट्टी करायला त्यांना अकरा दिवस लागले होते. ते मला माहीत होतं, कारण ते अकरा दिवस मी डोळ्यांनी पाहिले होते.

खामक ही कंदाहारकडची कला. कापडावर आधी काहीही काढून घेत नाहीत. ना खडू, ना छाप. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत जायचं आणि त्या मोजणीवर रेशमाचे बारीक टाके घालायचे, की त्यातून चौकटी, त्रिकोण, चांदण्या उमटत जातात. लांबून पाहिलं तर विणलेलं वाटतं. परंपरेने बायका हे काम पुरुषांच्या सदऱ्यांवर, छातीच्या भागावर करत आल्या, मुली आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या सदऱ्यासाठी करत आल्या. या बाईंची आई कंदाहारची, त्या स्वतः काबूलमध्ये वाढलेल्या. आईकडून त्यांनी हे सातव्या-आठव्या वर्षी उचललं आणि मग सोडून दिलं, कारण त्यांना शिकायचं होतं. शिकल्या. काबूलमध्ये मुलींच्या शाळेत दहावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवत होत्या. नवऱ्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दिल्लीला आल्या, दोन मुलं घेऊन, चार महिन्यांच्या बेताने. शस्त्रक्रिया झाली, तपासण्या लांबत गेल्या, आणि मग १५ ऑगस्ट २०२१ उजाडला. त्यांच्या बॅगेत आजही शाळेच्या टीचर्स रूमच्या कपाटाची किल्ली आहे.

त्या ज्या वर्गाला शिकवत होत्या तो वर्गच आता तिथे भरत नाही. २३ मार्च २०२२ ला सकाळी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि त्याच सकाळी मुलींना घरी पाठवलं, हे आपण सगळ्यांनी वाचलं. मी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. त्यांच्या फोनवर त्या दिवशी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींचे निरोप येत होते, रडत बोललेले. ते निरोप त्यांनी पुसलेले नाहीत. मला कधी ऐकवलेही नाहीत. ते आहेत, एवढंच सांगितलं.

मी शिकवायला कशी लागले, ते मात्र सरळ आहे. यांच्या बदलीमुळे आम्ही दिल्लीत आलो, मुलं मोठी होऊन लांब गेली, आणि शिवण मला येत होतं. मिरजेला आमच्या घरात आईचं मशीन होतं, पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी झिजून पुसट झालेलं. त्या मशीनच्या आवाजावर आम्ही तिन्ही भावंडं झोपलो आणि त्याच आवाजाने उठलो. तेव्हा इथे कोणी म्हणालं की अफगाण बायकांना शिवण शिकवायला बाई हवीय, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, पायाने चालवायची सहा मशीनं, दोन विजेवरची, कापायला एक मोठं टेबल. भिंतीला मशीनच्या तेलाचा वास आणि त्यावर वेलचीच्या हिरव्या चहाचा वास. खालच्या गल्लीत नानची भट्टी, त्यामुळे सकाळी अकराच्या सुमाराला गरम पिठाचाही वास वर यायचा. मी गेले ती मनात एक चित्र घेऊन: मी शिकवीन, त्या शिकतील, कमावतील, पायावर उभ्या राहतील. चित्र वाईट नव्हतं. त्यात त्यांना आधीच काय येतं हे मात्र कुठेच नव्हतं.

पहिल्या दिवशी भाषेचा प्रश्न पडेल असं वाटलं होतं. हिंदी त्यांना कामापुरती येत होती, बरीचशी मालिका पाहून आलेली. मी कात्री उचलून दाखवली, तर सगळ्या एकदम म्हणाल्या, "कैची." माझी आजी कैचीच म्हणायची. मी अस्तर दाखवलं, त्या म्हणाल्या अस्तर. बाही दाखवली, तर म्हणाल्या आस्तीन, आणि मला आपली अस्तनी आठवली, ज्यात आपण निखारे बाळगतो. मग एकीने आपल्या नवऱ्याच्या पोशाखाचं नाव सांगितलं: पैराहन आणि तुंबान. पैरण आणि तुमान! माझे आजोबा शेतावर जाताना घालायचे ते. मी टेबलावर हात आपटून "पैरण, पैरण" करत सुटले आणि त्या मला हसत सुटल्या. किती शतकांपूर्वी ही माणसं, हे शब्द आणि हे कपडे आपल्याकडे आले असतील, आपल्या अंगाला बसले असतील, आणि आपण विसरूनही गेलो. भरतकामाला त्या गुलदोजी म्हणतात, हाताच्या कामाला दस्तदोजी. जरदोजी आपल्याला ठाऊक असते, ही तिची बहीण. दस्तदोजी म्हणजे शब्दशः हातशिवण, आपलं हातकामच. चिठ्ठीवर मी जो शब्द लिहिला, तो त्यांच्या भाषेत एका कलेचं नाव होतं. माझ्या भाषेत तो खर्चाचा एक रकाना होता.

जीवशास्त्राच्या बाईंना शिवण आवडत नव्हतं, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. "माझ्या आईला वाटायचं मी सुई धरावी. मी पुस्तक धरलं. आता पुस्तक गेलं, सुई राहिली." इतर बायका टीप सरळ आली की खूश व्हायच्या. या बाई कापडाकडे असं पाहायच्या, जसं आपण दुसऱ्याच्या घरच्या भांड्याकडे पाहतो. पण एक दिवस मी कुर्तीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल भाग, कापायला शिकवत होते. मुंढ्याचा गोल पुढून जास्त खोल आणि मागून कमी, हे मी आईकडून शिकले तसं सांगितलं, पुढून अर्धा इंच जास्त घ्या. का, ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. त्या उठल्या, खडू घेतला आणि टेबलावर पसरलेल्या खाकी कागदावर खांदा काढला. हाड, वाटी, त्या वाटीत फिरणारा गोळा. आपल्या शाळेच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतात तो. मग एका मुलीला उभं करून तिचा हात पुढे घ्यायला लावला, मागे न्यायला लावला, वर करायला लावला. माणूस दिवसभरात हात पुढे किती वेळा नेतो आणि मागे किती वेळा, ते बघा, म्हणाल्या. पुढे कापड जास्त ठेवलं तर काखेत गोळा होईल, मागे कमी ठेवलं तर फाटेल. त्या दारी भाषेत, म्हणजे अफगाण फारसीत, बोलत होत्या, मला अर्धंच समजत होतं, पण खोलीतली सगळी मशीनं थांबली होती. पंधरा बायका खांद्याकडे पाहत होत्या. मी चाळीस वर्षं मुंढे कापतेय. मुंढा मला त्या दिवशी कळला.

तो कागद मी गुंडाळून घरी आणला. कपाटावर आहे.

तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातमध्ये मुली 'सोनेरी सुई' नावाच्या शिवणवर्गाला जात असत, आणि पिशवीत कापडाखाली वह्या असत. दार लावलं की कविता आणि साहित्याचे धडे सुरू. नादिया अंजुमन ही कवयित्री त्याच वर्गातली. पुढे २००५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, नवऱ्याच्या मारहाणीत ती गेली. काबूलमध्ये त्याच काळात, खैरखाना वस्तीत, शिक्षिकेची पदविका नुकती हातात पडलेल्या कामिला सिद्दिकीने थोरल्या बहिणीकडून शिवण शिकून घेतलं, घरातच कपडे शिवायला सुरुवात केली आणि आसपासच्या कितीतरी बायकांना काम मिळवून दिलं. तेव्हाच्या फतव्यांमध्ये पुरुष शिंप्याने बाईचं माप घ्यायचं नाही असाही एक होता. माप बाईनेच घ्यायचं, म्हणून शिवण बाईकडे आलं. दुसरं सगळं बंद झालं तेव्हा हे एक दार उघडं राहिलं. या कथा मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितल्या होत्या. आमच्या बाई ऐकून म्हणाल्या, "त्या दोघीही शिकवणाऱ्या-शिकणाऱ्या होत्या. शिवणाऱ्या नाही." मला तेव्हा ते जरा कडवट वाटलं. आता तसं वाटत नाही.

त्यांची धाकटी बहीण काबूलमध्ये आहे. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लर बंद झाली, तेव्हा तिच्या शेजारणीचं पार्लर गेलं. ती शेजारीण आता शिवण शिकते. पलीकडच्या घरातली विद्यापीठातून घरी बसवलेली मुलगी शिवण शिकते. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणीचं शिक्षणही बंद झालं, तेव्हा गल्लीतल्या आणखी दोघी शिवणाला आल्या. कुठल्या कुठल्या संस्था मशीनं देतात, वर्ग घेतात, आणि ते देतात हे चांगलंच आहे, नाहीतर त्या घरांमध्ये चूल कशी पेटणार. पण बहीण फोनवर म्हणाली ते बाईंनी मला सांगितलं: आमच्या गल्लीत आता घरोघरी मशीन आहे, कपडे शिवून घेणारं कोणी नाही. एक पोशाख शिवायचे जे मिळत होते त्याच्या निम्मे मिळतात, कारण शेजारचं दार त्याहून कमी घ्यायला तयार आहे. कापड आणायचं तर बाजारात भाऊ गेला पाहिजे, माल पोचवायचा तर भाऊ गेला पाहिजे, आणि पैसे मोजून घेतो तोही भाऊ. भाऊ चांगला आहे, म्हणून बरं.

शिवण शिकवणाऱ्या आम्हा लोकांना टाका दिसतो. टाक्यानंतरचं दिसत नाही.

अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने काबूलमध्ये बाग-ए-जनाना या बायकांच्या बागेत केंद्र चालवलं होतं, युद्धात नवरे गेलेल्या बायकांसाठी. २००८ च्या सुमाराची गोष्ट. हजारभर बायका तिथे शिवण आणि इतर कामं शिकल्या, आणि शिकण्याबरोबर त्यांची स्वतःची संघटनाही उभी राहिली. मला त्यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. 'सेवा'चा पायाच तो, गोधड्या शिवणाऱ्या आणि हातगाड्या ओढणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन दर ठरवायचा. कंदाहारमध्ये रंगीना हमीदी यांनी खामक करणाऱ्या बायकांना घरबसल्या काम देऊन त्याची विक्री उभी केली, तेही असंच. त्यांच्या वडिलांना, कंदाहारच्या महापौरांना, २०११ मध्ये मारलं, तरी त्या मागे हटल्या नाहीत, पुढे काही काळ देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या. शिवण आणि शाळा एकाच बाईच्या हातात असणं अशक्य नसतं, हे मला त्यांच्याकडे पाहून पटतं. आपल्याकडे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, तेव्हा विधवा बायकांना शिवणाबरोबर अक्षरंही दिली होती, नर्सचं शिक्षणही. शिवण हा शेवटचा थांबा नव्हता.

पण चिठ्ठीवर मी २०० लिहिले, त्याला या कुठल्याच इतिहासाचा उपयोग झाला नाही. ते २०० मिरजेहून आले होते.

आई ब्लाऊज शिवायची. अण्णांची गिरणीतली नोकरी सुटली त्यानंतर आमचं घर त्या मशीनवर चाललं. कटोरी, प्रिन्सेस कट, बंद गळा, सगळं. गावातल्या चांगल्या घरच्या बायका मापाचा ब्लाऊज ठेवून जायच्या आणि म्हणायच्या, लग्नाला घालायचाय हं, परवा पाहिजे. आई रात्री दोनपर्यंत बसायची. हूक आणि हातशिलाई सकाळी आंघोळीआधी. आणि मग तयार ब्लाऊज कागदात गुंडाळून माझ्याकडे द्यायची, पोचवायला. शिलाई किती, हे ती कधी तोंडाने सांगत नसे. "देतील ते घे," म्हणायची. मी दारात उभी राहायची. कोणी पूर्ण द्यायचं, कोणी पुढच्या महिन्यात घेऊन जा म्हणायचं, कोणी लाडूचा डबा द्यायचं. आईच्या वहीत उधारीची पानं भरलेली असत. एकदा मी एका काकूंना म्हटलं, आईने तीन रुपये सांगितलेत. आईने सांगितले नव्हते, मीच सांगितले. त्या काकूंनी दिले, पण संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाल्या, पोरीला बोलायला छान शिकवलंयस. आईने त्यांची माफी मागितली. मला मारलं नाही. रात्री मशीनवर बसली आणि बराच वेळ पाय न हलवता बसून राहिली. मशीनचा आवाज नाही म्हणून मला झोप येईना, एवढं आठवतं. तीन रुपये जास्त नव्हते. ते मागितले, हे जास्त होतं.

मी शिवण आईकडून शिकले, तसं हेही तिच्याकडूनच शिकले, आणि भोगलच्या खोलीत पंधरा बायकांना काही न बोलता तेच शिकवत होते. टीप सरळ घाला, काज स्वच्छ करा, आणि देतील ते घ्या.

त्या जिना उतरून गेल्यावर मी पट्टी काढलेला कुर्ता हातात धरून उभी होते. छातीवर आयताची रिकामी जागा, भोवती सुईच्या भोकांची बारीक रांग. आठवडाभर त्या वर्गाला आल्या नाहीत. मी फोन करावा की नको, या विचारात आठ दिवस काढले. नवव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. लाजपतनगरच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, आणि त्या खोलीत इतकी टापटीप की चपला काढून आत पाऊल टाकताना मी बिचकले. नवरा आतल्या बाजूला उशीला टेकून बसला होता, छातीवर हात ठेवून त्याने सलाम केला. मुलगी चहा घेऊन आली, सोबत बदाम आणि बेदाणे. मी माफी मागितली. त्यांनी ती थांबवली नाही, सगळी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, उस्ताद, मला राग किमतीचा आला नाही. तुम्ही मला विचारलं नाही, याचा आला. वर्गात मी रोज प्रश्न विचारते, तुम्ही रोज उत्तर देता. त्या दिवशी प्रश्न तुमच्याकडे होता आणि उत्तर माझ्याकडे होतं.

आणि मग त्यांनी विचारलं, तुमच्या वर्गात फळा का नाही?

फळा आणला. जुन्या बाजारातून, एका कोपऱ्याचा रंग उडालेला. पुढच्या सोमवारी त्यांनी त्यावर चार रकाने आखले. कापड, धागा, तास, आणि चौथा रकाना डोळे. हा चौथा कशाला, असं एकीने विचारलं, तर म्हणाल्या, खामक करणाऱ्या बाईचे डोळे लवकर जातात, चष्म्याचे पैसे कोण देणार. प्रत्येकीला आपापल्या कामाचे तास मोजून लिहायला लावले. तोपर्यंत कोणीच मोजले नव्हते. रात्री मुलं झोपल्यावर केलेलं काम त्यात धरायचं की नाही, यावर अर्धा तास वाद झाला. एक म्हातारी खाला, म्हणजे मावशी, म्हणाली, तो काय कामाचा वेळ आहे, तो माझा वेळ आहे. बाई म्हणाल्या, म्हणूनच तो महाग आहे. खाला विचार करत राहिली आणि मग आपल्या नावापुढे सहा तास वाढवले. बाईंच्या पट्टीचे अकरा दिवस, दिवसाचे चार तास, ४४ तास झाले. तासाला ५० रुपये धरले तरी २,२००. फळ्यावर तो आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. मीच खाली पाहिलं.

हे सगळं सोपं झालं असं नाही. फळ्यावरच्या किमतीला माल जात नाही, निदान सगळा जात नाही. विक्रीला येणारी माणसं सहानुभूतीने येतात आणि सहानुभूतीची किंमत साधारण सातशे-आठशे असते, त्यापुढे ती मशीनवर भरलेल्या कुर्त्याशी तुलना करू लागते. या बायकांना आधार कार्ड नाही. संयुक्त राष्ट्रांचं निर्वासिताचं कार्ड आहे, त्यावर बँकेत खातं उघडताना नाकी नऊ येतात आणि नोकरीचं तर नावच नको. दोघींनी वर्ग सोडला, कारण घराचं भाडं फळ्यावरच्या हिशेबाची वाट पाहत नाही, त्यांना एका कारखान्याचं नगावर काम मिळालं, कमी पैशात पण रोज. त्यांना मी काय सांगणार? मीही गप्प बसले आणि बाईही गप्प बसल्या. त्या दिवशी फळा कोणी पुसला नाही, तसाच राहिला.

मागच्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, ती पट्टी आहे का तुमच्याकडे. आहे म्हणाल्या, मुलीच्या पेटीत ठेवलीय. मी विकत घेते, म्हटलं, २,२०० ला. त्यांनी मान हलवली. ती विकायची नाही. तुम्हाला दुसरी करून देईन, याहून चांगली. अकरा दिवस लागतील. रंग कुठला हवा, ते आज सांगा. आणि मग सरळ माझ्याकडे पाहून, दहावीच्या वर्गात पाहत असतील तशा, म्हणाल्या, "निम्मे आधी."

मी निळा रंग सांगितला. अकराशे रुपये मोजून दिले, त्यांनी पुन्हा एकदा मोजून घेतले आणि वहीत तारीख लिहिली.

आज नववा दिवस आहे.